राज्यसभेत वाजणारा बोरगावचा फोन

भालकीहून खटकचिंचोळी, तिथून बसवकल्याण, कोहिनूर, हुमनाबाद, मन्नाएखेळ्ळी आणि बिदरमार्गे परत भालकी, हा फेरा मी आयुष्यात एकदाच सलग केला. गेल्या महिन्यात एका वाचक मुलीने या रस्त्याबद्दल विचारलं आणि मी तिला बसची माहिती लिहायला बसले. लिहिता लिहिता लक्षात आलं, की त्या प्रवासात मी ना किल्ला नीट पाहिला, ना तलाव. मी एक फोन शोधायला गेले होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी भालकीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होते. कलबुर्गीला तेव्हा सगळे गुलबर्गाच म्हणत. पौष लागायच्या बेताला, येळवशीच्या, म्हणजे रानात जेवायच्या वेळ अमावस्येच्या, आदल्या दिवशी, मल्लप्पा अण्णा आमच्या घरी आले. अण्णा बोरगावचे. (गावाचं नाव मी बदललं आहे, माणसांचीही.) त्यांचं तुरीच्या खरेदीचं दुकान होतं आणि त्यांची मुलगी सुवर्णा माझ्या वर्गात होती. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि बाजारात उर्दू बोलणारा, गळ्यात लिंग, डोक्यावर पांढरी टोपी असा हा माणूस. त्यांनी खिशातून चौघडी केलेला एक सायक्लोस्टाइल कागद काढला आणि वाचून दाखवा म्हणाले. कागद इंग्रजीत होता.

राज्यसभेत विचारलेल्या एका प्रश्नाचं ते उत्तर होतं. भालकी तालुक्यातल्या बोरगावला सार्वजनिक टेलिफोन मंजूर होऊनही तो बसवलेला नाही, हे खरं आहे का, असा प्रश्न. उत्तर असं, की नाही, हे खरं नाही. बोरगावचा टेलिफोन बसवण्यात आला असून तो व्यवस्थित चालू आहे.

मी वाचून थांबले. अण्णा म्हणाले, "बाई, मी त्याच गावात राहायलाव. फोन कुटं हाय, तेवढं सांगा."

हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला कसा, ते त्यांनी सांगितलं. वर्तमानपत्रात त्यांना राज्यसभेतल्या कर्नाटकच्या बारा सदस्यांची नावं सापडली होती. बाराही जणांना त्यांनी कन्नडमधून पोस्टकार्डं टाकली. अकरा जणांकडून काही आलं नाही. बारावा म्हैसूरकडचा, वयस्कर, आमच्या भागात कधी पाऊलही न ठेवलेला. त्याने प्रश्न विचारला, उत्तर पाठवलं आणि सोबत चार ओळींचं पत्र लिहिलं. मंत्र्यांचं उत्तर चूक आहे असं सभागृहात म्हणायचं, तर माझ्या हातात पक्की माहिती हवी. गावाबाहेरच्या, या कामात ज्याचा काही लाभ नाही अशा माणसाने स्वतः जाऊन पाहावं आणि मला लिहावं.

तो माणूस मी व्हावं, असं अण्णांचं म्हणणं होतं.

माझ्या नवऱ्याला हे पटलं नाही. पंचायतीची निवडणूक जवळ आली आहे, तुला साक्षीदार करून अण्णा आपली वाट साफ करून घेतील, असं तो म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं. पण पाच वर्षं मी मुलींना 'राज्यसभा: रचना आणि कार्ये' फळ्यावर लिहून देत होते आणि त्या धड्यातली एक गोष्ट पहिल्यांदाच टोपी घालून माझ्या ओट्यावर येऊन बसली होती. मी रजा टाकली.

पहिला दिवस: खटकचिंचोळी आणि बोरगाव

भालकीहून खटकचिंचोळीला तेव्हा सकाळची बस गच्च भरून जायची, कारण येळवशीचे पाहुणे परतत असत. आज गेलात तर रस्ता बरा आहे. त्या वेळी अर्ध्या रस्त्यात खडी नुसती पसरून ठेवलेली होती. दोन्ही बाजूंना काळं रान, कणसात आलेली ज्वारी, तुरीच्या काढणीची घाई. अण्णा स्टँडवर वाट पाहत होते आणि त्यांनी माझंही तिकीट काढून ठेवलं होतं. मी ते पैसे त्यांना परत दिले. साक्षीदाराने दुसऱ्याच्या तिकिटावर जाऊ नये, असं मी म्हटल्यावर त्यांनी वाटेत दोन स्टॉप जाईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

खटकचिंचोळीला उतरून बोरगावपर्यंत पाऊण तास चालत. गावात शिरल्यावर मी पहिल्यांदा तारा शोधल्या. विजेच्या तारा होत्या, टेलिफोनचा खांब एकही नव्हता. शाळा पाहिली, चावडी पाहिली, टपाल वाटणाऱ्या माणसाच्या घरी जाऊन विचारलं. तो हसला आणि त्याने अण्णांच्या दुकानाकडे बोट केलं.

गिरणीपाशी दळण घेऊन बसलेल्या बायका-माणसांनी मला गावाचं मत सांगितलं. फोन आलेला आहे, फक्त तो गावाला दिसत नाही. अण्णांनी तो परस्पर भालकीच्या गोदामात बसवून घेतला आहे, आणि दिल्लीला पत्रं लिहिण्याचं सोंग आपल्यावर संशय येऊ नये म्हणून चालवलं आहे. दुसरा म्हणाला, तसं नाही, फोन मंजूरच झाला नव्हता. अण्णांना निवडणुकीत सांगायला काहीतरी हवं. दोघांचंही म्हणणं अण्णांसमोरच चाललं होतं. अण्णा उभे राहून ऐकत होते.

मग एका म्हाताऱ्या माणसाने मला विचारलं, की हा दिल्लीचा माणूस कोण, त्याला आम्ही कधी मत दिलं. मी समजावून सांगितलं. राज्यसभेचा सदस्य लोकांच्या मतांवर निवडून येत नाही. आपण आमदार निवडतो, आमदार त्याला निवडतात. त्याला तालुका नसतो, जिल्हा नसतो. तो सगळ्या राज्याचा म्हणून तिथे बसतो. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश लोक जातात, नवे येतात, सभागृह मात्र कधी बरखास्त होत नाही. वर्गात हे सांगून झालं की मुली वहीत रेघ मारतात. इथे कोणी रेघ मारली नाही.

"म्हंजे त्याला आपलं मत लागत न्हाई," म्हातारा म्हणाला. "मग त्यो आपलं काम कामून करायलाय?"

मत लागत नाही म्हणूनच करत असेल, असं मी म्हणाले. ते माझ्याच कानाला खोटं वाटलं. गिरणी परत सुरू झाली आणि मला सुटल्यासारखं झालं.

दुपारी अण्णांच्या घरी जेवायला बसवलं. येळवशीची भज्जी, म्हणजे सगळ्या शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भाजी, दुसऱ्या दिवशी जास्त मुरते. बाजरीचे वाफवलेले उंडे आणि आंबील होतीच. त्या दिवसांत या भागात कोणाकडे ओळख असेल तर हे जेवण चुकवू नका, हॉटेलात मिळत नाही. मी मात्र जेवायच्या आधी एक गोष्ट केली होती. अण्णा हात धुवायला परसात गेले तेव्हा मी दुकानातल्या पोत्यांमागे वाकून पाहिलं होतं, भिंतीतून तार आत येते का ते. परत वळले तर ते दारात उभे.

"मागची खोली बी बघा," ते म्हणाले. आणि त्यांनी कुलूप काढून दिलं.

मी ती खोलीही पाहिली. तुरीची पोती, वजनकाटा आणि एक जुनी सायकल. बाहेर येऊन मी त्यांना सरळ विचारलं, तुम्हाला फोन कशाला हवा आहे. दुसरा कोणी असता तर आजारी माणसांचं, बाळंतिणीचं सांगितलं असतं. अण्णा म्हणाले, लातूरचा आणि गुलबर्ग्याचा तुरीचा भाव रोज सकाळी कळला तर भालकीच्या अडत्याच्या शब्दावर बसावं लागणार नाही. मला त्यांचा तिथे पहिल्यांदा विश्वास वाटला, आणि लगेच वाटलं, की हेही त्यांनी विचार करून सांगितलं असेल.

रात्री मी खटकचिंचोळीला एका शिक्षिकेच्या घरी राहिले. अण्णांच्या घरी राहायला मीच नको म्हणाले.

दुसरा दिवस: बसवकल्याण आणि कोहिनूर

आमच्या भागातल्या खांबांचं काम करणारा लाइनमन निवृत्त होऊन त्याच्या गावी, कोहिनूरला राहतो, हे टपालवाल्याने सांगितलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी बसवकल्याण. अण्णा सोबत आले. मला ते नको होतं, पण बसमध्ये बसायला त्यांना मी कशी मना करणार.

बसवकल्याणला बस बदलायला दीड तास मिळाला. स्टँडच्या बाहेर मिरचीभजी आणि चुरमुऱ्यांचा सुसला चांगला मिळायचा, सकाळी लवकर गेलात तर गरम. अनुभव मंटप पाहायला चला, असं अण्णांनी दोनदा म्हटलं. आठशे वर्षांपूर्वी इथे चांभार, कोळी, राजाचा मंत्री सगळे एका सभेत बसून बोलत, ती खरी संसद, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, परतताना पाहू. परतताना पाहिलं नाही. वाचणाऱ्यांनी ती चूक करू नये.

कोहिनूरला इस्माईलभाई लिंबाखाली बाजेवर बसले होते. पाय सुजलेला, डोळे मात्र तल्लख. मी नाव सांगितलं, कागद दाखवला. बोरगावच्या फोनबद्दल तक्रार आहे म्हटल्यावर त्यांना राग आला. हा त्यांच्या नोकरीतला शेवटचा फोन होता.

"मेरे हाथ से लगाया, बाई," ते म्हणाले. "झूट कायकू बोलूं? लगाके हॅलो बी बोलके देखा."

अण्णांचा चेहरा मला आठवतो. संतापलेला नव्हता. गावाने जे म्हटलं तेच आता एका परक्या माणसाने माझ्यासमोर म्हटलं होतं, आणि माझी नजर आपोआप त्यांच्याकडे गेली होती. तेही त्यांना दिसलं. ते खाली बसले.

मी इस्माईलभाईंना विचारलं, फोन कोणाच्या घरात लावला. टपालवालीच्या. गाव कसं आहे? डोंगराच्या पायथ्याशी. माती? लाल, पहार मारली की ठिणगी उडावी असा दगड. एकेका खांबाच्या खड्ड्याला अर्धा दिवस लागला. मागे जंगल. सामान मन्नाएखेळ्ळीवरून गाढवांवर नेलं.

आमच्या बोरगावला डोंगर नाही. दगड लागायला पुरुषभर काळी माती खणावी लागते.

अण्णांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. पहिल्यांदा दोघांच्या डोक्यात एकाच वेळी एकच गोष्ट आली असावी. बोरगावं दोन होती. दुसरं मन्नाएखेळ्ळीच्या पलीकडे, गुलबर्गा जिल्ह्याच्या हद्दीत. मंजुरीच्या कागदावर नुसतं 'बोरगाव' लिहिलेलं होतं, असं इस्माईलभाई म्हणाले. वरून जे सांगितलं तिथे त्यांनी खांब रोवले. सांगणाऱ्याने चुकून सांगितलं की मुद्दाम, हे ना त्यांना माहीत होतं, ना मला पुढे कधी कळलं.

निघताना मी विचारलं, आता हे दिल्लीला कळवलं तर काय होईल. ते म्हणाले, कागद एक, डबा एक. तिथला काढतील आणि इथे लावतील. त्यात त्यांना विशेष काही वाटत नव्हतं.

तिसरा दिवस: मन्नाएखेळ्ळीच्या पलीकडे

हुमनाबादला माझ्या मावसबहिणीकडे रात्र काढून आम्ही सकाळी मन्नाएखेळ्ळीला गेलो. हैदराबाद–सोलापूर रस्त्यावरचं हे गाव तेव्हाही ट्रकवाल्यांचं होतं. चहा दाट मिळतो, टायरची दुकानं आणि ढाबे लागून लागून. तिथून चिंचोळीकडे (आमची खटकचिंचोळी नव्हे, गुलबर्गा जिल्ह्यातली) जाणाऱ्या जीप माणसं भरल्याशिवाय हलत नसत. तासभर थांबलो. जीपमध्ये तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं चालू होतं; बोरगावला कशाला जाता, असं तिन्ही भाषांत विचारून झालं. अण्णांनी सोयरीक बघायला, असं सांगितलं. मी त्यांना अडवलं नाही.

फाट्यावर उतरून तासभर चढण. जमीन भाजलेल्या विटेसारखी, पळसाची झाडं, मध्येच खांब. अण्णा प्रत्येक खांबावर हात ठेवून पुढे जात होते. हे आमचे, असं एकदाच पुटपुटले.

टपालघर म्हणजे नागम्मा अक्कांच्या घराची पडवी. पन्नाशीच्या, ठेंगण्या, नवऱ्यामागे टपालाचं काम सांभाळणाऱ्या. फोन फळीवर होता, काळा, वर क्रोशाचा रुमाल. आम्हाला पाहून त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि आत या म्हणाल्या नाहीत. मी कॉलेजात शिकवते, फोन पाहायला आले आहे, एवढं कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी अण्णांच्या टोपीकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं.

"न्यायला आलात व्हय?"

त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. कदाचित ज्या दिवशी तो डबा तिथे आला त्या दिवसापासूनच त्या कोणीतरी तो न्यायला येईल म्हणून थांबल्या असतील. मी खोटं बोलले नाही. गोंधळ झाला आहे, फोन दुसऱ्या बोरगावचा होता, मला खरं काय ते लिहायचं आहे, असं सांगितलं. त्यांनी मग पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. शेजारची सून अडली होती, दोन दिवस. त्यांनी चिंचोळीच्या दवाखान्याला फोन केला, जीप ओढ्यापर्यंत आली, बाजेवरून पोरीला तिथवर नेलं. ती सून शेजारच्या दारातून आमच्याकडे पाहत होती, कडेवर मूल. मला वाटलं ते सगळं आधीच ठरवून उभं केलं आहे. असं वाटल्याची लाज आजही वाटते, पण वाटलं हे खरं.

अण्णांनाही तेच वाटलं असावं. त्यांनी फोनची वही मागितली. कोणी कुठे फोन केला ते त्यात लिहायची पद्धत होती. अक्कांनी वही दिली. अण्णा उभ्यानेच पानं उलटत गेले. बहुतेक फोन एकाच माणसाचे होते, हैदराबादला. तो कोण, असं विचारल्यावर अक्का म्हणाल्या, लाकडाचा ठेकेदार. चिंचोळीच्या दवाखान्याचा फोन खरंच होता. पण एकच.

अण्णांनी वही माझ्यासमोर धरली. हा फोन ठेकेदारासाठी इथे आला आहे, तुम्ही हे लिहा, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

नागम्मा अक्कांनी वही त्यांच्या हातातून काढून घेतली. "आणि तुमचा कुणासाठी होता?"

अण्णा फळीवरच्या फोनकडे पाहू लागले. मला ते उत्तर माहीत होतं आणि मी बोलले नाही.

त्यानंतर त्या बाईने आम्हाला जेवायला वाढलं. पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. आल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही, एवढंच त्यात होतं. वाढताना त्या एकदाही फोनकडे पाठ करून बसल्या नाहीत.

परतीला बिदरपर्यंत बसमध्ये अण्णा आणि मी वेगवेगळ्या बाकांवर बसलो. बिदरचा किल्ला स्टँडवरून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. आम्ही स्टँडवरच राहिलो. भालकीची बस लागायला वेळ होता. अण्णा शेजारी येऊन बसले. भालकी तालुक्यातल्या बोरगावात फोन नाही, एवढंच लिहा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. यात खोटं काय आहे? दुसऱ्या गावाचं लिहायला तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही.

खरंच खोटं काहीच नव्हतं. पण त्या एका वाक्याने तिथला डबा निघाला असता, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी म्हटलं, दोन्ही गावांचं लिहीन.

"बाई, तुम्ही कुणाकडून बोलायलात?" त्यांनी विचारलं. मग ते उठले आणि बसमध्ये पुढे जाऊन बसले.

घरी आल्यावर

पत्र लिहायला मला चार दिवस लागले. दोन बोरगाव आहेत, फोन एकात आहे, दुसऱ्यात नाही. जिथे आहे तिथून तो काढला तर मंत्र्यांचं उत्तर खरं होईल आणि एक गाव तुटेल. जिथे नाही त्या बोरगावसाठी वेगळी मंजुरी मागावी. अण्णांना फोन तुरीच्या भावासाठी हवा आहे आणि तिकडे तो ठेकेदार वापरतो, हेही लिहिलं. मग खोडलं. मग परत लिहिलं.

म्हैसूरच्या सदस्यांनी पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न टाकला. मार्चमध्ये त्यांचं पत्र आलं, सोबत उत्तर. या वेळी उत्तर एका ओळीचं होतं: माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल. मला ती पळवाट वाटली. त्यांनी पत्रात समजावलं होतं, की तसं नाही. मंत्री सभागृहात असं बोलले की ते आश्वासन धरलं जातं. त्यासाठी सदस्यांची एक समिती असते. ती असली वाक्यं कामकाजातून वेचून काढते आणि माहिती येईपर्यंत खात्यामागे लागते. शेवटी लिहिलं होतं, की एप्रिलमध्ये माझी मुदत संपते आहे, मी परत येणार नाही.

मी ते सुवर्णाच्या हाती अण्णांना कळवलं. तिने निरोप आणला, की तिचे अप्पा हसले. विचारणाराच घरी गेला, आता कोण कोणाला सांगणार.

त्या आठवड्यात मी वर्गात राज्यसभा शिकवत होते. सुवर्णाने उभी राहून विचारलं, की प्रश्न विचारणारा निघून गेला तर उत्तर कोणाला देतात. मी म्हटलं, उत्तर सभागृहाला द्यायचं असतं, माणसाला नाही, आणि ते सभागृह संपत नाही. ती वहीत लिहू लागली. ते खरं आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. पुस्तकात होतं.

वर्ष गेलं. त्यावर आणखी काही महिने. पावसाळ्यात जाडसर पाकीट आलं, म्हैसूरहून. माजी सदस्यांनी कुठूनतरी मिळवलेली प्रत होती. पटलावर ठेवलेल्या निवेदनात दोन्ही बोरगावांची नावं होती, तालुका आणि जिल्ह्यासकट. दोन्हीकडे टेलिफोन बसवण्यात आले असून ते चालू आहेत.

मी तो कागद घेऊन दुसऱ्याच दिवशी बोरगावला गेले. खांब आले होते. शाळेमागे चिखलात आडवे पडलेले, एकही उभा नव्हता. गिरणीपाशी तोच म्हातारा बसला होता. आता तिसरं बोरगाव शोधायला जावं लागेल, असं तो म्हणाला, आणि कोणी हसलं नाही. अण्णा दुकानात होते. कागद वाचून दाखवला तेव्हा त्यांनी मान हलवली आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

विधानसभेची निवडणूक तोंडावर आली तसे खांब उभे राहिले. फोन शाळेच्या व्हरांड्यात बसला. एका उमेदवाराच्या माणसांनी त्याला हार घातला आणि हा आम्हीच आणला, असं भाषण केलं. गावातल्या निम्म्या लोकांनी ते मानलं. दिल्लीची समिती, म्हैसूरचा माणूस, माझं पत्र, निवडणूक, यांतलं नेमकं कशाने खांब उभे केले, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मुलींना शिकवताना मी पुढे निवृत्त होईपर्यंत आश्वासन समितीचा धडा नीट शिकवला. पुढचं सांगितलं नाही.

अण्णा माझ्याशी बिदरच्या स्टँडनंतर जवळजवळ बोललेच नव्हते. हार घातल्यानंतर दोन दिवसांनी कॉलेजच्या ऑफिसातून शिपाई मला बोलवायला आला. फोन होता.

पलीकडे अण्णा. ऐकू येतंय का, असं त्यांनी विचारलं. येतंय म्हटलं. सुवर्णाच्या निकालाबद्दल बोलले, तुरीला भाव नाही म्हणाले. मग थोडा वेळ नुसती खरखर आली. मला वाटलं लाइन गेली.

"पहिला फोन तिकडं लावला," ते म्हणाले. "दीड तास थांबलो. उचलला तिनं."

काय बोललात, असं मी विचारलं. काही नाही. बोरगावहून बोलायलाव म्हटलं. ती म्हणाली, मी बी बोरगावहूनच बोलायलाव. मग ठेवला.

तिची काळजी होती म्हणून त्यांनी फोन लावला, की माझ्या पत्रामुळे तिचा फोन खरंच राहिला का, याची खात्री करायला, हे मी विचारलं नाही. त्यांनी माझे आभारही मानले नाहीत. मुलीला सांभाळा म्हणाले आणि ठेवून दिला.